बर्फाच्या पेटीची पाठ

लग्न होऊन मी आर्वीला आले, तेव्हा आमच्या घरात वीज नव्हती, पण बर्फाची पेटी होती. ती घासलेटवर चालायची. हे जनावरांचे डॉक्टर. गुरांना टोचायची लस थंड ठेवावी लागते म्हणून सरकारनं ती दिली होती. तेव्हा आमचा भाग अजून मध्य प्रदेशात होता आणि सगळं सामान नागपूरहून यायचं. दवाखान्याचं छप्पर गळकं, शिवाय रात्री तिथं कोणी राहत नसे, म्हणून पेटी आमच्या घरी, स्वयंपाकघरामागच्या पडवीत उभी केली होती.

पांढरीशुभ्र, माझ्या खांद्याइतकी उंच, चार आखूड पायांची. पोटाखाली घासलेटची चपटी टाकी, टाकीला वात, वातीवर काच, आणि तिथून पाठीमागनं वर जाणारं धुराडं. पाठीला लोखंडी नळ्यांची वेटोळी. आत लशीच्या बाटल्या आणि एक थर्मामीटर. लशीशेजारी खायचा जिन्नस ठेवायचा नाही हा ह्यांचा नियम, आणि असल्या पेटीत ठेवलेलं खायचं नाही हा सासूबाईंचा. त्यामुळे घरात बर्फ होत असूनही आम्ही माठाचंच पाणी प्यायचो.

टाकी भरणं, वात कापणं, काच पुसणं आणि सकाळी थर्मामीटर बघणं ही कामं माझ्याकडे आली. मी वर्ध्याची, मास्तरांची मुलगी, मॅट्रिक झालेली. ह्यांना वाटलं, हिला जमेल. सासूबाईंचं आणि माझं त्या दिवसांत फारसं बोलणं नसे. भांडण नव्हतं, पण विषयच नव्हता. तो विषय पेटीनं दिला.

एकदा मी वात कापत होते तर त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आगीनं भाकर शेकते, पाणी उकळते," त्या म्हणाल्या. "मंग आगीनं बरफ कसा होते? तुह्या शाळेत सांगतलं होतं काय?"

"नाही आई, शाळेत हे नव्हतं," मी म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी तोच प्रश्न मुलाला केला. ह्यांनी बॅगेतलं स्पिरिट काढलं आणि आईच्या तळहातावर दोन थेंब टाकले. "फुंकर मार बरं." त्यांनी फुंकली आणि हात झटकला. "गार लागलं!"

"आता तठी आग होती काय? नाई. स्पिरिट उडून गेलं, जाताना तुह्या हाताची गरमी घेऊन गेलं. पेटीतही असंच एक पाणी हाय. ते आतली गरमी घेते आणि मागच्या नळ्यांत आणून टाकते. आग त्याले फक्त फिरवत राह्यते."

सासूबाईंनी बराच वेळ हात नाकाशी धरला. मग म्हणाल्या, "म्हणजे मोट. इहिरीतलं पाणी वरतं येते ते बैलाच्या जोरावर. बैल काई पाणी नसते."

"तसंच," हे म्हणाले, आणि मला वाटतं, त्यांनाही ते तेव्हाच नीट कळलं.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई पेटीच्या पुढच्या बाजूला कमी आणि मागच्या बाजूला जास्त जाऊ लागल्या. आतली गरमी मागं येते म्हणजे मागं ऊब असणार, हे त्यांनी धरलंच होतं, आणि ती होतीच. दार उघडून बघायची त्यांना गरज नव्हती. हिवाळा लागला तसं त्यांनी पेटीच्या पाठीमागे, नळ्यांपासून हातभर अंतरावर, एक पाट ठेवला आणि त्यावर विरजणाचं भांडं. पौषात आमच्याकडे दूध दुपारपर्यंत विरजत नाही. पेटीमागचं दही सकाळी कवडी पडलेलं असायचं. पेटीत ठेवलेलं न खाणाऱ्या बाईंना पेटीमागं ठेवलेलं चालत होतं. दुपारी त्या तिथंच पाठ टेकून तूर निवडायला बसायच्या.

अशाच एका सकाळी मी चहा ठेवत होते, तर त्या भांडं घेऊन आल्या. त्यांनी ते तिरपं करून दाखवलं. दूध पाण्यासारखं हललं.

"विरजण कमी पडलं असेल," मी म्हटलं.

"विरजण नाई कमी पडलं. पेटीची पाठ थंड पडली. चाल, पाह्य."

मी गेले. ज्योत जळत होती, निळी आणि सरळ, जशी हवी तशी. मी नळ्यांना हात लावला. एरवी वरच्या नळ्या हाताला चटका बसावा इतक्या गरम असायच्या आणि खालची वेटोळी कोमट. त्या दिवशी सगळं गार. फक्त ज्योतीच्या अगदी वरचा, धुराड्याला चिकटलेला भाग तापलेला होता. दार उघडून थर्मामीटर पाहिला, तर पारा किंचितच चढलेला. म्हणजे आत अजून काही कळलेलं नव्हतं. मी नुसता थर्मामीटर बघून दार लावलं असतं तर मलाही कळलं नसतं.

ह्यांना हाक मारली. ह्यांनी दाढीचा साबण तसाच ठेवून पेटीला चक्कर मारली आणि पहिल्यांदा नाक नळ्यांशी नेलं. "नळी फुटली असेल तर वास येईल. नवसागर चुन्यात चोळल्यावर येतो तसा, डोळ्यात पाणी आणणारा."

आम्ही तिघांनी वास घेतला. घासलेटचा होता, दुसरा नव्हता. सासूबाईंनी एकेक सांधा हुंगला, जणू आंबा पिकला की नाही बघत होत्या. "नाई. फुटली नाई."

मग धुराडं. ज्योत विझवली, टाकी काढली, काच उतरवली. धुराड्याच्या नळीत पिळाची एक लोखंडी पट्टी असते, ती ओढून काढली तर थोडी काजळी निघाली. पण इतकी नाही की सगळं बंद पडावं. तरीही मी ती घासून पुसून परत घातली.

"ही वाकडी उभी हाय," सासूबाई एकाएकी म्हणाल्या. त्या दूर जाऊन, डोकं एका बाजूला कलवून बघत होत्या.

मला तसं दिसत नव्हतं. त्यांनी आतून काठोकाठ पाण्यानं भरलेली वाटी आणली आणि पेटीच्या डोक्यावर ठेवली. पाणी एका बाजूनं सांडलं. खाली वाकून पाहिलं, तर मागचा एक पाय जमिनीत रुतला होता. सारवलेली जमीन, खाली उंदरानं पोखरलेली. आम्ही रोज सारवत होतो आणि पेटी रोज थोडी बसत होती.

ह्यांना आता आठवलं, की पेटी सपाट जमिनीवरच हवी, तिरपी झाली की आतलं पाणी नीट फिरत नाही, असं बसवणाऱ्या फिटरनं बजावलं होतं. पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला, वाटी पुन्हा ठेवली, पाणी स्थिर राहिलं. आम्हाला वाटलं, झालं. वात पेटवली आणि स्वयंपाकाला लागलो.

जेवणं झाली तरी पाठ थंडच.

मी नळ्यांना कान लावला. एरवी पेटी अगदी मुकी नसायची. कान लावला की हुक्क्यासारखी बारीक गुडगुड ऐकू यायची, थांबून थांबून. आता काही नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही ऐका." त्यांनी पदर मागं सारून कान लावला, डोळे मिटले.

"गप हाय," त्या म्हणाल्या. "आत कुठीतरी अडकलं."

ह्यांना काळजी लशीची. पुढच्या आठवड्यात नदीकाठच्या गावांत गुरं टोचायची होती. "मी वाट पाहत नाही," ते मला म्हणाले. "पेटी आत अजून थंड आहे. दार कोणी उघडू नका. उद्या पहाटे सगळ्या बाटल्या घेऊन निघतो. त्या गावांत आज निरोप पाठवतो, गुरं बांधून ठेवा म्हणून." आणि पेटी? ती पुलगावच्या छोट्या रेल्वेगाडीत घालून नागपूरला पाठवायची. कधी परत येईल, देव जाणे.

सासूबाई कोपऱ्यातल्या फळीवरून एरंडेलाची बाटली घेऊन आल्या. थंडीत एरंडेल घट्ट होतं आणि गळ्यात अडकतं. त्यांनी बाटली आमच्या डोळ्यांसमोर उलटी केली आणि धरून ठेवली. आधी काही नाही. मग एक मोठा बुडबुडा हळूच वर सरकला आणि तेल उतरलं.

"याच्यासारखं काऊन नाई करत?"

"आई, ती पेटी हाय. बाटली नाई."

"बंद नळ्याच हाय ना? आत पाणीच हाय ना? मंग?"

"सरकारी माल हाय. उलटा केला आणि फुटला तर?"

"मेलेलं कोंबडं आगीले भीत नाई. बंदच हाय ना ते?"

हे हसले. हात कमरेवर ठेवून पेटीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "पेटी स्टेशनवरून आली तेव्हा बैलगाडीवाल्यानं ती डोक्यावर उभी करून आणली होती. मी ओरडलो. फिटर म्हणाला, काही होत नाही साहेब, फक्त सरळ करून एक दिवस उभी राहू द्या आणि मग पेटवा." त्यांनी पेटीच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणजे उलटी केल्यानं ती मरत नाही. एवढं तर आपल्याला माहीत आहे."

"मंग?" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे लस भुशाच्या पेटीत भरून सायकलवर गेले. जाताना कापूस बाजारातल्या दोन हमालांना सांगून गेले. ते उन्हं वर आल्यावर आले, सोबत सरकीची दोन पोती. मी टाकी, काच, आतल्या जाळ्या सगळं काढून ठेवलं होतं, दार सुतळीनं बांधलं होतं. पोती जमिनीवर आडवी टाकली. दोघांनी पेटीला मिठी मारली, कलती केली, आडवी केली, आणि मग तिचे चार आखूड पाय हवेत गेले. एखादी म्हैस उताणी पडावी तशी ती दिसत होती.

सासूबाईंनी हमालांना गप्प बसायची खूण केली. त्या खाली बसल्या आणि कान लावला.

आत आवाज झाला. आधी एक घरघर, मग थांबून गडगड, मग कितीतरी वेळ काहीतरी झिरपत गेल्याचा आवाज. त्यांनी माझा हात धरून ओढला. "ऐक, ऐक." आमची डोकी एकमेकांना लागली होती. लग्नानंतर आम्ही इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो.

दिवसभर शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या. एकीनं विचारलं, देवाचं काही आहे काय. सासूबाई म्हणाल्या, "पोट धरलं होतं तिचं. रेच दिला." आवाज दुपारपर्यंत मधून मधून येत राहिला, मग बंद झाला. त्या दर थोड्या वेळानं उठून कान लावायच्या, आणि मी भाकरी थापता थापता विचारायची, "काही?" त्या मान हलवायच्या.

हे संध्याकाळी धुळीनं माखून आले. सगळी लस टोचून झाली होती. त्यांनी पायही न धुता पडवीत जाऊन पेटी पाहिली.

रात्रभर ती उलटीच राहिली. सकाळी हमालांनी सरळ केली, वाटीनं समपातळी बघितली, आणि फिटर म्हणाला होता तसं आणखी एक दिवस काही केलं नाही. तो दिवस सगळ्यात अवघड गेला. सासूबाई दोनदा काडेपेटी घेऊन आल्या आणि मी दोनदा परत नेली.

मग पेटवली. आम्ही तिघं मागं बसलो. धुराड्यालगतचा भाग तापला, तो तर आधीही तापत होता. बराच वेळ तेवढंच. मग मी त्याच्या पुढच्या सांध्याच्या वर हात ठेवला आणि मला वाटलं, भास असेल. मी सासूबाईंचा हात तिथं ठेवला.

"येऊन राह्यली," त्या हळू म्हणाल्या.

ऊब नळीतून वर चढत होती. आम्ही हात तिच्या पुढं पुढं सरकवत होतो आणि ती मागून येत होती. वरच्या नळ्या इतक्या तापल्या की हात काढावा लागला. मग गुडगुड सुरू झाली, कान न लावताही ऐकू येईल अशी. हे दार उघडायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "उघडू नको, थांब जरा." दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खणात बर्फाचा पांढरा थर जमला होता. त्यांनी बोटानं तो खरवडून जिभेवर ठेवला. सोवळ्याचं त्या वेळी कोणी बोललं नाही.

ही गोष्ट दवाखान्यांतून पसरली. उन्हाळ्यात आष्टीकडच्या एका गावाहून ह्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांचा निरोप आला, की आमचीही पेटी बंद पडली आहे, तुमच्या मातोश्रींना पाठवाल का. थट्टा होती की खरं, कळेना. सासूबाईंनी ते खरंच धरलं. आम्ही दोघी मोटारीनं गेलो. त्यांनी लुगडं नवं नेसलं होतं.

ती पेटी आमच्या पेटीसारखीच होती. सासूबाईंनी आधी वाटी ठेवली, पाणी स्थिर. मग मागं गेल्या, वाकल्या, आणि एकदम मागं सरल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मीही वास घेतला आणि ठसकले. एका सांध्याशी पिवळा डाग पडला होता, हळदीसारखा, त्यावर कोरडी भुकटी.

डॉक्टर उत्साहानं म्हणाले, "माणसं बोलावली आहेत. उलटी करू या."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "हे अडकलं नाई, फुटलं. उलटं करून काई होणार नाई. नागपूरले पाठवा."

डॉक्टरांचा चेहरा उतरला, पण त्यांच्या बायकोनं आम्हाला जेवायला वाढलं. परतीच्या मोटारीत सासूबाई कनवटीशी हात ठेवून बाहेर बघत होत्या. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. घरी पोचल्यावर त्यांनी कनवटीची गाठ सोडून कागदाची एक पुडी काढली. तिच्यात ती पिवळी भुकटी होती.

"हे काय हाय?" त्यांनी मुलाला विचारलं. "स्पिरिटासारखं उडून जाणारं पाणी असते म्हणाला होता. मंग पिवळं कुठून आलं?"

"आई, आधी हात धुऊन ये," हे घाबरून म्हणाले. "काय असेल आणि काय नाई."

त्या राखेनं हात घासून आल्या, पदराला पुसले, आणि पुन्हा समोर बसल्या.

"धुतले. आता सांग."

ह्यांनी पुडी उजेडात धरून उलटीसुलटी पाहिली. त्यांना माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.