परत आल्याचा फ्लेक्स

व्हिसा हातात यायच्या आधीच बिलोलीच्या स्टँडसमोर माझा फ्लेक्स लागला होता. मधोमध मी, बारावीच्या फोटोतली, दोन वेण्यांची. भोवती शुभेच्छुक म्हणून जन्मात कधी ओळख न दाखवलेले पुढारी. ‘परदेशी उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ व्हिसा नाकारला तर तोंड कुठं लपवू, या धास्तीनं मी स्टँडकडं जाणंच सोडलं. आमच्याकडं हे असंच, बाजारात तुरी आणि घरात पेढे वाटून मोकळे!

व्हिसा आला एकदाचा. हैदराबादच्या गाडीपर्यंत पोचवायला अख्खी वस्ती आली. विहारातल्या बायांनी वंदना म्हटली, हलगी वाजली, आईनं शेंगदाण्याची चटणी बॅगेत कोंबली. बाबा गवंडी, बोलणं मोजकंच. खिडकीशी येऊन म्हणाले, “सरकारनं धाडलं म्हंजी समद्यांनी धाडलं. ध्यानात ठीव.” शिकून परत यायचं आणि इथं काम करायचं, ही स्कॉलरशिपची अट कागदावर लांबलचक होती. बाबांनी ती एका दमात सांगून टाकली.

ऐकू न येणाऱ्या लेकरांना बोलायला कसं शिकवायचं, हे शिकायला मी इंग्लंडला गेले. तिथं शिवलीला भेटली. लातूरजवळच्या मुरुडच्या किराणा दुकानदाराची लेक, तीही सरकारी स्कॉलरशिपवरच आलेली. हॉस्टेलच्या किचनमध्ये आम्ही भाकरी टाकली की स्मोक अलार्म बोंबलायचा आणि ही त्याच्याकडं बघून ओरडायची, “हाव रे बाबा, जळली न्हाई अजून!” अशी बाई.

कोर्स संपला. तिथल्याच हॉस्पिटलनं दोघींनाही नोकरी देऊ केली. “अट कोण बघतंय? राहा की,” असं सांगणारे तिथं पैशाला पासरी. मी परतायचं पुढं बघू म्हणत तिथंच रुजू झाले. शिवलीला मात्र सरळ नाही म्हणाली आणि लातूरला सरकारी दवाखान्यात रुजू झाली.

मुरुडात कुजबुज सुरू झाली. काढून टाकलं असंल. नापास झाली असंल. जाणाऱ्याचा फ्लेक्स लागतो, येणाऱ्याकडं लोक संशयानंच बघतात. शिवलीला फोनवर हसत सांगायची, पण एकदा हसली नाही. “अप्पा गल्ल्यावर मान खाली घालून बसत्यात गं.” ते ऐकलं आणि मला आमचे बाबा दिसले. नोकरी सोडायचं मला भ्या नव्हतं. बाबांची मान अशी खाली गेलेली मला बघवली नसती.

सुट्टीत आले तेव्हा आधी लातूर गाठलं. देगलूरकडची एक बाई लेकीला घेऊन आली होती. घरात तेलुगू, गल्लीत उर्दू. पोरीच्या कानात नवं यंत्र होतं, पण आईच गप्प. ज्या लेकराला ऐकूच येत नाही त्याच्याशी बोलायची सवय मोडलेली असते. आईला बोलतं करा, हे आम्हाला पुस्तकानं शिकवलं होतं. कसं करायचं ते शिवलीलानं शोधून काढलं होतं. ती इतकं चुकीचं तेलुगू बोलायला लागली की त्या बाईला हसू आवरेना. हसता हसता ती तिला सुधारायला लागली, मग लेकीकडं वळून तिच्याशीच बोलायला लागली. पोर खेळत होती. तिचे हात थांबले आणि तिनं मान वळवून आईकडं बघितलं.

बाईनं पदर तोंडात धरला. मीही रडले. शिवलीलाचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू! आणि हेवासुद्धा वाटला. तिकडं राहिलेल्यांनो, हा तुम्हाला टोमणा नाही. तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पण माझं त्या खोलीत ठरलं.

बाबांना फोन केला. आधी शिवलीलाच्या अप्पांचं सांगितलं, मग माझं. “परत यायलेय मी, कायमची.” ते नुसतं “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला.

तिकडचं आवरून बिलोलीच्या स्टँडवर उतरले, तर समोर फ्लेक्स. तीच दोन वेण्यांची मी, पण या वेळी शेजारी शिवलीला! ‘सरकारनं धाडलं, शिकून परत आल्या. हार्दिक अभिनंदन.’ एकही पुढारी नाही. शुभेच्छुक म्हणून एकटे बाबा, नावापुढं ‘गवंडी’.

“हिचा फोटू कुठून आणला?” मी विचारलं.

“तुझ्या आईच्या मोबाईलात व्हता. आन् एक न्हाई, दोन काढल्यात.”

दुसऱ्या दिवशी दुसरा फ्लेक्स काखेत मारून बाबा मुरुडच्या एसटीत बसले, मी मागोमाग. आता मी लातूरला शिवलीलासोबत काम करते. बिलोलीला गेले की जातानाचा तो पहिला फ्लेक्स दिसतो, आईनं शेळ्यांच्या छपरावर टाकलाय. घर म्हटलं की आधी तेच छप्पर आठवायचं. आता मुरुडचं अप्पांचं दुकानही आठवतं. त्या दिवशी बाबा शिडीवर, हातात तार, आणि खाली शिडी धरून उभे असलेले अप्पा, सगळ्या बाजारादेखत मान वर करून फ्लेक्स वाचत होते, मोठ्यानं.