फिकट निळी रेघ

क्लीव्हलंडच्या बंगाल्यांत शिबतोष भादुरींची ओळख करून द्यायची एक ठरलेली पद्धत होती. नवख्या माणसाला आधी सांगत, "हे प्रथिनांवर संशोधन करतात." मग आवाज जरा खाली आणून, खरं महत्त्वाचं आता सांगतोय अशा थाटात, "आणि लिहितात. कलकत्त्याला छापून येतं."

छापून यायचं ते वर्षातून एकदा, दुर्गापूजेच्या विशेषांकात. पंचवीस वर्षं भादुरी इथल्या प्रयोगशाळेत होते आणि त्यांतली बावीस वर्षं दुपारच्या डब्याच्या वेळेत बंगालीत कथा लिहीत होते. वह्या प्रयोगशाळेतल्याच, जाड पुठ्ठ्याच्या, पानांवर आकडे छापलेल्या. नियमही तिथलेच. पान फाडायचं नाही. खोडरबर नाही. चुकलं तर वरून एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख आणि सही. पूर्ण झालेल्या कथेची झेरॉक्स कलकत्त्याला जायची. मूळ वही कधी घराबाहेर गेली नाही.

त्याआधी दर शनिवारी दुपारी लिहिलेला भाग प्रणवेश सोमला वाचून दाखवला जाई. प्रणवेश छातीचे एक्स-रे वाचणारा डॉक्टर. भादुरींची बायको सुरूपा मोहरीचं तेल घालून चुरमुरे कालवायची, सोबत हिरवी मिरची आणि चहा. प्रणवेश डोळे मिटून ऐकायचा.

"शिबू, तुझ्या नायकाच्या छातीत काहीच दिसत नाही. परत फिल्म काढ."

"तुला फक्त छातीच दिसते."

"पगार तिचाच मिळतो. अरे, हा माणूस तीन पानं चालतोय, एकदा तरी धाप लागू दे त्याला!"

भादुरी चिडत आणि सोमवारी ती पानं पुन्हा लिहीत. मुलांना बंगाली वाचता येत नव्हतं. सुरूपा छापून आल्यावर वाचायची. क्लीव्हलंडमध्ये त्यांच्या कथांचा माणूस म्हणाल तर एक प्रणवेश.

त्र्याण्णवच्या वसंतात त्यांनी एक डॉक्टर नायक घेतला. परदेशात असताना त्याला आई अत्यवस्थ असल्याची तार येते आणि तो पोचतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. मध्ये काय झालं याच्या आठ ओळी त्यांनी लिहिल्या. डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा दोन दिवसांवर होती. आत काय असणार हे ओळखून त्याने तार न फोडता कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. हा खिसा बहिणीने निघताना पासपोर्टसाठी शिवून दिला होता. पेपर देऊन आल्यावर त्याने तार फोडली.

या आठ ओळी त्यांना सुचलेल्या नव्हत्या. एकाहत्तरच्या जानेवारीत हे प्रणवेशने केलं होतं. बर्फाच्या वादळाने विमानतळ बंद होता, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. बहीण मीनूने दोन दिवस आईचं प्रेत बर्फावर ठेवून वाट पाहिली होती. पुढे एकदा गाडीत, समोर रस्त्याकडे बघत, त्याने भादुरींना खरं सांगितलं. फक्त त्यांनाच.

आठवडाभर भादुरी त्या आठ ओळी रोज वाचत राहिले. इतकं चांगलं त्यांनी बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं. शनिवार जवळ आला तेव्हा दुपारी प्रयोगशाळेत हाताला आलेल्या पेनाने त्यांनी ओळींवर रेघा मारल्या, तारीख घातली, सही केली. पेन कुठल्याशा रसायनवाल्याने फुकट वाटलेलं होतं, फिकट निळ्या शाईचं.

शनिवारी त्या ओळी वगळून वाचलेली कथा ऐकून झाल्यावर प्रणवेश बराच वेळ चहा ढवळत राहिला.

"बरा निघाला तुझा नायक," तो म्हणाला. "मला वाटलं होतं..." आणि त्याने मिरची उचलली.

ऑक्टोबरमध्ये शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली दुर्गा बसली. शनिवार-रविवारात सगळी पूजा उरकायची, तशी उरकली. रविवारी दुपारी खिचुरी वाढली गेली, संध्याकाळी पुरुष एकमेकांना विजयादशमीची आलिंगनं देऊ लागले. प्रणवेश रांगेतून पुढे आला. डावा खांदा, उजवा खांदा, पुन्हा डावा. रीतीप्रमाणे तिन्ही वेळा.

"शुभ विजया, शिबतोषबाबू," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

"शिबूचा एकदम शिबतोषबाबू?" घरी येताना सुरूपाने विचारलं. "भांडलात की काय दोघं?"

"छे. चेष्टा करतो तो."

पुढच्या शनिवारी प्रणवेश आला नाही. चुरमुरे मऊ पडले. त्याच दिवशी टपालाने अंक आला. भादुरींनी आपली कथा उघडली आणि तिसऱ्या पानावर त्या आठ ओळी छापलेल्या पाहिल्या. त्यांनी वही काढली, मग झेरॉक्सची घरी ठेवलेली दुसरी प्रत. बाकीच्या काळ्या रेघा प्रतीवर ठसठशीत उमटल्या होत्या. फिकट निळ्यातलं काहीही यंत्राने उचललं नव्हतं. रेघा, तारीख, सही, काहीच नाही. छापखान्यातल्या जुळाऱ्याने समोर दिसलं ते जुळवलं होतं.

रविवारी ते वही घेऊन प्रणवेशकडे गेले. त्याने दार उघडलं, आत ये म्हटलं नाही.

"हे बघ. मी खोडलं होतं. तारीखसुद्धा आहे, मेची. मशीनने रेघ घेतली नाही."

प्रणवेशने चष्मा वर करून पान पाहिलं, एक्स-रे पाहावा तसं, उजेडाकडे धरून.

"छान वाचता येतंय," तो म्हणाला.

"लॅबमध्ये असंच खोडतात, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. खालचं वाचता यावं म्हणून." त्याने वही परत दिली. "पूजेच्या आधी मीनूचा फोन आला होता. तिच्याकडे कलकत्त्यात अंक लवकर पोचतो ना. तुझी गोष्ट ती पहिली वाचते, दर वर्षी."

भादुरींनी वही मिटली.

"रडली नाही. एवढंच विचारलं, दादा, खिसा उजवीकडे होता की डावीकडे? मी म्हटलं, डावीकडे. तिने फोन ठेवला. आता उचलत नाही."

"मी लिहितो तिला. सांगतो, सगळं मनचं आहे."

"तू नको लिहूस," प्रणवेश म्हणाला आणि दार लावून घेतलं.

नोव्हेंबरात संपादकांचं पत्र आलं. न फोडलेल्या तारेच्या प्रसंगावर वाचकांची बरीच पत्रं आली होती. "बावीस वर्षांत आपण प्रथमच इतकं निर्दयपणे लिहिलंत," असं कौतुक करून त्यांनी पुढच्या वर्षीसाठीही असंच काही मागितलं होतं.

सुरूपाने पत्र वाचून घडी केली. शनिवार होता. टेबलावर दोनच कप होते. भादुरींनी वही उघडली, काळं पेन घेतलं आणि त्या आठ ओळी एकेक अक्षर करून बुजवायला सुरुवात केली. पाऊण तास लागला. एके ठिकाणी कागद फाटला. मग सवयीने त्यांनी समासात तारीख घातली आणि सही केली.

"आता वाचता येत नाही ना?" सुरूपाने विचारलं.

"नाही."

"इथे तरी नाही," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.