अडीच रुपयांची नोट

माझे हस्ताक्षर बरे होते आणि गणित बेताचे, तरी लोणावळ्यात माझी ओळख झाली ती जुन्या नोटांची किंमत सांगणारा मास्तर म्हणून. हवापालटाला येणारे एक पारशी शेठ अशा नोटा जमवीत. त्यांच्या बंगल्यावर जाऊन जाऊन मी दोन गोष्टी शिकलो: घडी पडली की भाव उतरतो, डाग पडला की आणखी उतरतो. एवढ्या हळकुंडावर मी पिवळा झालो होतो.

कुसगावची एक मावशी आमच्याकडे करवंदे घालायची. एका मे महिन्यात तिने कमरेच्या पिशवीतून एक नोट काढली. अडीच रुपयांची! पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला तेव्हा सरकारने काढलेली. तिच्या नवऱ्याला घाटातल्या कामावर मजुरीत मिळाली होती. कागदाला कोण पैसा म्हणणार, म्हणून वाण्याने ती घेतली नाही. मग ती देवापाशी गेली, आणि दर लक्ष्मीपूजनाला तिच्यावर हळदकुंकू पडत राहिले. नवरा कधीच वारला होता.

"मास्तर, शेठ किती देतील वो हिचं? लेक परत आलीया माझ्याकडं. शिवणाचं मशीन घिऊन द्यायचंय तिला."

बाजारात एक जुने मशीन साठ रुपयांना होते. मी नोट उजेडाला धरली, उगाच दोनदा उलटली आणि ऐटीत सांगितले, "अशी चाळीस. डाग नसते तर शंभर."

"डाग न्हाई मास्तर, पूजा हाय ती."

मी हसलो. नोट ठेवून घेतली आणि तिला रविवारी यायला सांगितले.

साठ आणि चाळिसातला फरक मला स्वस्थ बसू देईना. तिचे भले करायचे होते, हे खरे. पण शेठना थक्क करायचे होते, हेही तितकेच खरे. मी परातीत पाणी घेतले आणि अंगाच्या साबणाने ती नोट धुतली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुठलीही बाई झोपेतही सांगेल. मला ते नोट लालभडक झाल्यावर आठवले. घाबरून मी आणखी चोळली. राजाचा चेहरा गेला, कागदाचा भुगा निघाला.

शेठनी ती चिमट्याने उचलली आणि लाल डाग उजेडाला धरून पाहिले. मग म्हणाले, "मास्तर, ही नोट आता कुठे मिळते? हळदीसकट मी शंभर दिले असते."

रविवारी मावशी आली. मी म्हणालो, "शेठ म्हणाले, ही नोट आता चालत नाही. त्यांनी ठेवून घेतली." आणि खिशातले अडीच रुपये तिच्या हातावर ठेवले. वर्गात रोज फळ्यावर सुविचार लिहिणारा मी. जीभ जराही अडखळली नाही.

ती म्हणाली, "मग तुमी तरी काय करनार? लय फेऱ्या झाल्या तुमास्नी माज्यापायी." टोपलीतली उरलेली करवंदे तिने माझ्या ओट्यावर ओतली.

चाळीस रुपये मी महिन्याच्या महिन्याला थोडे थोडे देऊ शकलो असतो. पण द्यायचे तर सांगावे लागले असते, आणि ते मला जमले नाही. लेक पुढे एका बंगल्यावर भांडी घासायला राहिली. रस्त्यात दिसली की मी पलीकडच्या बाजूने जायचो.

मावशी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी कुसगावचा एक म्हातारा जुनी नोट घेऊन माझ्या दारात उभा राहिला. मी म्हणालो, "आबा, मी हे आता सोडलं. बाजारात दाखवा."

"न्हाई वो," तो म्हणाला. "मावशी मरताना बी सांगून गेली, नोट दावायची तर मास्तरास्नीच दावा. त्यो मानूस फसवायचा न्हाई."