गावाने भरलेली टाकी

पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळी उठलो, तोंडही न धुता गोठ्यामागे गेलो आणि गोबर गॅसच्या लोखंडी टोपीला कान लावून बसलो... आत काहीच नाही. एरवी बारीक बुडबुड ऐकू यायची. गॅस भरला की ती टोपी हातभर वर उचलली जायची. त्या दिवशी ती पार खाली बसली होती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आदिलाबाद जिल्ह्यात जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला आमचं गाव. मी नुकतीच विशी ओलांडली होती.

हा गॅस आम्ही हौसेने बांधला नव्हता. चुलीच्या धुराने मायचे डोळे कायम लाल असायचे, पाणी गळायचं. आदिलाबादच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं... धूर बंद करा, नाहीतर नजर जाईल.

मंडल ऑफिसात, म्हणजे तिकडच्या तालुका कचेरीत, दरखास्त मी दिली. सरकारकडून थोडी मदत मिळाली, पण बाकीचा खर्च आमचाच होता. त्या वर्षीचा कापूस विकून घरावर पत्रे टाकायचे ठरले होते. बाबांनी पत्रे राहू दिले. "आपन भिजू थोडे, पन तिचे डोये राहू दे," एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यात पहिल्यांदा निळी ज्योत लागली. माय शेगडीसमोर नुसती बघत बसली होती... दोन-तीन महिन्यांत तिच्या डोळ्यांची लाली उतरली. आणि आता हे असं. माय पुन्हा ओल्या लाकडांपुढे बसली, फुंकणी हातात, पदर डोळ्यांना.

पाईप तपासला, शेगडी तपासली. सगळं ठीक. मग मायच शेणाची टोपली घेऊन आली आणि शेण कालवायच्या कुंडीवर वाकली.

"काऊन रे, इथं औषधाचा वास कसा येऊन राह्यला?"

बाबा बाजूला दोर वळत बसले होते. त्यांनी मान खाली घातली... फवारणीचे दिवस होते. वावरातून आलं की ते रोज तिथेच पंप धुवायचे. पाणी हाताशी, कुंडी सिमेंटची. धुतलेलं पाणी सरळ टाकीत जायचं.

आम्ही कापूसवाले. औषध पानावरची अळी मारतं, एवढंच आम्हाला ठाऊक. शेणातही काही जिवंत असतं, तेच गॅस करतं... हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

"वावरातल्या अळ्या त मेल्या नाईत, माहा गॅस मारला तुमी!" माय म्हणाली. म्हणाली हसत, पण डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते धुराचं की कशाचं, मी विचारलं नाही.

ऑफिसातला माणूस येऊन बघून गेला. टाकी पूर्ण रिकामी करा, धुवा, ताज्या शेणाने पुन्हा भरा, म्हणाला. आम्ही बापलेकांनी ती उपसली. पण भरायची कशाने? त्याला गाड्याच्या गाड्या शेण लागतं. आमचे दोन बैल, एक गाय, एक वासरू... दिवाळी उलटून गेली असती. तोवर मायने धुरातच बसायचं?

संध्याकाळी देवापुढे बसलो. काय मागावं तेच कळेना. शेण मागायची लाज वाटली... नुसतेच हात जोडून उठलो.

गावात कोणाकडे मागायची सोय नव्हती. आमच्याकडे घरचं शेण बाहेर देत नाहीत. शेण म्हणजे लक्ष्मी, ते दिलं की लक्ष्मी गेली, असं मानतात. आम्हीही मानायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातली गिरजाकाकू डोक्यावर टोपली घेऊन अंगणात उभी. काकू एकटीच राहायची. तिच्याकडे एकच गाय.

"का भाऊजी, आता पंप कुठी धुसान? देवघरात?"

"हासा वयनी, हासा," बाबा म्हणाले.

माय पुढे झाली. "अवो बाई, लक्ष्मी कोनी बाहीर देते काय?"

"बाहीर कुठी? समोर त टाकून राह्यली," काकू म्हणाली. टोपली टाकीत रिकामी केली. मग तळाशी उरलेलं चिमूटभर शेण बोटावर घेतलं, परत गेली आणि आपल्या उंबऱ्याला लावलं. लक्ष्मीही राहिली आणि शेणही दिलं...

दुपारपर्यंत चार घरच्या बाया आल्या. मग रोजच येऊ लागल्या. सगळ्या तशाच, चिमूटभर परत नेऊन उंबऱ्याला लावणाऱ्या. शेवटी शेवटी तर बैलगाडीच आली. कोणी उपकाराची भाषा केली नाही. बाबांना टोमणे मात्र सगळ्यांनी मारले.

घट बसायच्या आधी टोपी हलली, वर आली. पहिल्या ज्योतीवर मायने दूध तापवलं आणि मला देवळात नैवेद्याला पाठवलं. मायची नजर शेवटपर्यंत टिकली.

आज लोक सौर ऊर्जेत, पवनऊर्जेत पैसे गुंतवायच्या गोष्टी करतात. चांगलंच आहे. मला मात्र त्या बाया आठवतात. परत काय मिळेल हे न विचारता त्यांनी घरची लक्ष्मी आमच्या टाकीत ओतली होती.

काकूची टोपली रिकामी होताना मी मनाशी एक ठरवलं होतं. पण बाबा म्हणायचे, "दोन घराले पुरन काय?" मीही थांबलो. तेवढ्यात लग्न झालं, संसार वाढला... काकू तिकडे धुरात खोकत राहिली.

शेवटी एका दसऱ्याला, सोनं वाटून झाल्यावर, मी कुदळ घेतली. गल्ली आडवी खणून काकूच्या घरापर्यंत पाईप पुरला. "मले एकटीले काय लागते रे?" ती म्हणत राहिली. मी ऐकलं नाही... आणि तिच्याकडे जाणाऱ्या गॅसचा कॉक आमच्या बाजूला ठेवला नाही, तिच्या शेगडीजवळ बसवला.