इस्त्रीनं जोडलेलं मण्यांचं पान

ताईचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या चुडाव्याच्या घरात सगळ्यांना एकच घोर लागला, रुखवताचा. लहानपणीच्या तापात तिचा उजवा हात लुळा पडलेला. सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी दुसरं माणूस लागायचं. पाहुण्यांनी हात बघूनच होकार दिला होता, पण नवऱ्या मुलाची आत्या जाता जाता म्हणून गेली, "रुखवत बघू, मग कळंल पोरगी कामाची हाय का न्हाई." असा संताप आला होता मला त्या बाईचा!

आई म्हणाली, "शेजारणीचं मण्याचं तोरण मागून आणू. कोण विचारायलंय?"

"मी विचारायले ना," ताई म्हणाली. "दुसरीचं मांडायचं असंल तर काहीच मांडू नका."

तिनं गंगाखेडच्या बाजारातून प्लास्टिकचे हिरवे मणी आणवले. ताटात कागद अंथरून एकेक मणी पिंपळाच्या पानाच्या आकारात मांडला, वर दुसरा कागद घातला आणि दादाची कोळशाची जड इस्त्री डाव्या हातानं टेकवली. पहिल्यांदा नुसता चिकट गोळा झाला. घरभर घाण वास. दादा ओरडला, "माझ्या शर्टाचं वाटोळं करशील!" ही ढिम्म. निखारे कमी करायची, टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. शेवटी जमलं बाई एकदाचं! ना सुई, ना दोरा, मण्याला मणी चिकटलेला. उन्हाकडं धरलं की काय देखणं दिसायचं ते पान!

लग्नाच्या दिवशी आत्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं. "दोरा कुठाय ह्याला? विकतचं हाय हे. फसवायलेत आपल्याला."

बायकांत कुजबुज सुरू झाली. आईचं तोंड उतरलं. मी भांडायलाच निघाले होते, पण ताईनं मला इस्त्री आणायला पिटाळलं. अक्षतांसाठी नेसलेल्या नवरीच्या पांढऱ्या साडीचा पदर खोचून ती रुखवतापुढंच बसली. आचाऱ्याच्या चुलीतले निखारे इस्त्रीत भरले, उरलेले मणी मांडले. तिकडं मांडवात माणसं खोळंबलेली, हाकांवर हाका, आणि ही आपली निवांत इस्त्री फिरवायलीय! काय माझी ताई होती म्हणून सांगू. अभिमानानं मला रडूच फुटलं.

कागद सोलून तिनं ते कोमट पान आत्याच्या हातावर ठेवलं. आत्यानं त्यावरून बोटं फिरवली, ताईच्या डाव्या हाताकडं पाहिलं. मग पान आपल्या पदरात घेतलं आणि बायकांवरच खेकसली, "बघत काय बसल्या गं? आमच्या सुनेला मांडवात न्या की!"