लँडलाईनवरून पकडलेला चोर

सांगायचाही आता कंटाळा येतो, पण बायको चारचौघांत मीठमसाला लावून सांगते. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

आमच्या हॉलमध्ये अजून लँडलाईन आहे. संभाजीनगरात आमच्या कॉलनीत बहुधा आमचीच उरलीय. सुनंदा, म्हणजे माझी बायको, रोज म्हणायची, "काढून टाका हो ती. वाजत नाही, बोलत नाही, नुसती धूळ पुसायची." मी म्हणायचो, "एक दिवस तीच कामाला येईल."

तो दिवस आला. सकाळी उठलो तर मोबाईल गायब. आदल्या दिवशी वैजापूरला एका साखरपुड्याला गेलो होतो. घर शोधून दमलो.

सुनंदा म्हणाली, "थांबा, माझ्या मोबाईलवरून लावते."

"कशाला? लँडलाईन आहे ना." मी ऐटीत माझा नंबर फिरवला. पाठच होता. पलीकडून एका माणसाने उचलला.

"कोण बोलतंय?"

"ते राहू द्या. तुम्ही कुणाच्या फोनवरून बोलताय?"

"माझ्याच."

"तो माझा आहे."

"काका, मग तुम्ही कशावरनं बोलताय?"

"लँडलाईनवरून."

"आजून हाय व्हय ते?"

मी राग गिळला. "तुम्ही आहात कुठं?"

"वैजापूरला. मार्केट यार्डात, कांद्याच्या लिलावाला."

वैजापूर! आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता? तरी खात्री म्हणून विचारलं, "फोन काळा आहे? काचेला चीर?"

"व्हय. हाय की चीर."

चीर कुणाच्या फोनला नसते, हे तेव्हा सुचायला हवं होतं. सुनंदा म्हणाली, "एकदा माझ्या मोबाईलवरून लावू द्या." मी तिचा हात धरला. "नको. चोर सावध होईल."

"या मंग, बघून जा," चोर म्हणाला. "रावसाहेब इचारा, कुनीबी दावील. ऊन लई हाय, डोक्याला बांधून या."

एवढं सगळं कोणता चोर सांगतो? पण मी निघालो. भर उन्हात, उभ्यानं, एसटीतून.

यार्डात रावसाहेब कांद्याच्या ढिगापाशी उभे होते. धिप्पाड माणूस. मला सावलीत बसवलं, चहा मागवला, फोन हातात दिला. स्क्रीनवर त्यांच्या म्हशीचा फोटो.

"फोटोही बदललात," मी म्हणालो.

ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "काका, घरी लावून बघा बरं एकदा."

मी त्यांच्याच फोनवरून लँडलाईनला लावला. सुनंदाने उचलला.

"मोबाईल सापडला तुमचा. उशी उन्हात टाकायला घेतली, तर अभ्र्यातून पडला."

"मग मी सकाळी नंबर कुठला लावला?"

"म्हणा बरं तुमचा नंबर."

मी म्हटला. ती म्हणाली, "शेवटचे दोन आकडे उलटे झाले तुमचे."

शेजारी रावसाहेब मान डोलवत होते. "तुम्ही बोल्ले तो माझाच हाय. लई वर्सांपासून."

माझी मान वर होईना. कशीबशी माफी मागितली. त्यांनी पिशवीभर कांदे बळंच हातात दिले. "चालायचंच. तुमच्यामुळं आज कुनीतरी एवढ्या लांबून भेटाया आलं." परत येताना बसायला जागा मिळाली, पण झोप लागली नाही.

आता आमची लँडलाईन वाजते. आठवड्यातून एकदा तरी. सकाळच्या कॉलवरून रावसाहेबांनी नंबर ठेवून घेतला. पाऊसपाणी विचारतात, कांद्याचा भाव सांगतात, सुनंदाशीही बोलतात. काढून टाकायचं नाव तीही घेत नाही.

परवा घरी पाहुणे जेवायला बसलेले. फोन वाजला. सुनंदाने उचलला, दोन मिनिटं हसून बोलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "या हो, तुमच्या चोराचा फोन आहे. विचारतोय, काकांचा मोबाईल जागेवर हाय ना."