हर खेत में सडा

नोकरी सोडून मी देवासला परत आले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "बघ बाई, तुझी मर्जी." त्यानंतर वर्षभर माझ्या कंपनीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. कंपनी म्हणजे मी, माझी मावसबहीण आणि गच्चीवरची खोली. आम्ही एक डबी बनवली होती. ती शेतातल्या मोटारीला लावायची, घरबसल्या मिस्ड कॉल द्यायचा, की स्प्रिंकलर सुरू. ठरलेला वेळ झाला की आपोआप बंद.

डबी चालली, पण नाव सुचेना. जेवताना आम्ही दोघी त्यावरून भांडत होतो, तर बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "सडा ठेवा. सकाळी अंगणात घालतो तो. तुमची डबी शेतात तेच तर करते." नावापेक्षा ते बोलले याचाच मला जास्त आनंद झाला. मग तर ते रंगातच आले. जन्मभर शाळेत हिंदी शिकवलेला माणूस, बॅनरची ओळही त्यांनीच लिहून दिली: 'अब हर खेत में सडा.' आम्हा दोघींना ती फार आवडली. आम्ही तिघंही घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलणारे. या कानाचं त्या कानाला कळत नाही, त्यातली गत.

कन्नौदला बाजाराच्या दिवशी एका खत-बियाण्यांच्या दुकानासमोर आम्ही बॅनर लावला. लोक थांबायचे, वाचायचे आणि हसत पुढे जायचे. मला वाटलं, दोन बाया मोटारीचं सामान विकतात म्हणून हसतायत. मी तोंड फुगवून उभी. शेवटी दुकानदारालाच दया आली. "दीदी, मशीन तो बढ़िया है," तो म्हणाला, "पर सड़ा माल कौन लेगा?"

मी बॅनर पुन्हा वाचला, या खेपेला हिंदीत. आता प्रत्येक शेतात कुजकं. मावसबहीण दुकानामागे जाऊन पोट धरून हसली. मला हसू येईना. नाव काय, दोन दिवसांत बदलता आलं असतं. पण बाबांना कळलं तर ते पुन्हा गप्प होतील, आणि या वेळी कायमचे, याची मला धास्ती होती.

म्हणून मी लपवाछपवी केली. 'फुहार', म्हणजे हिंदीत तुषार, या नावाची स्टिकरं छापून आणली आणि बाबा देवळात गेले की गच्चीवर बसून ती डब्यांवर चिकटवायला लागले. पुढच्या बाजारासाठी लोहारद्याला जायच्या आदल्या दिवशी ते मध्येच वर आले. एक डबी उचलून त्यांनी नवं नाव वाचलं. मग जुनी ओळ ओठांतल्या ओठांत हिंदीत म्हणून पाहिली आणि खुर्चीत बसले. मला काही सांगावंच लागलं नाही.

"लोक हसले?"

"हो."

"तुला हसले?"

"नावाला हसले, बाबा."

"समोर तर तू उभी होतीस." डबीवरचं एक तिरकं स्टिकर ते नखाने सोडवत होते. ते सरळ लावून झाल्यावर म्हणाले, "उद्या मी येतो बरोबर. लोकांना हसायचंच असेल, तर मला हसू देत."